सुकन्याच्या कॉन्फिडन्सची जबाबदारी माझी

२४ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी लिहिणार. मोठे कोच लिहितात म्हणे. कुणाला दाखवायची नाही.

सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं. ‘फिगर स्केटर्ससाठी मेंटल स्किल्स आणि कॉन्फिडन्स’. कोर्स ऑनलाइन होता, पण पूर्ण केला. शेवटच्या लेक्चरला लाइट गेली, म्हणून ‘अपयश कसं पचवावं’ तेवढं राहिलं. त्याची तशी गरज पडणार नाही.

आई म्हणाली, आलोक, ह्यात सगळं बर्फावर नाचणाऱ्यांचं आहे, आपल्या नांदेडात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो. आईला कोण समजावणार. खाली पातं असो की चार चाकं, वर डोकं तेच असतं. आमच्याकडं फरशीवर वर्तुळं रंगवलेली असतात. एका पायावर उभं राहून पूर्ण वर्तुळ काढायचं, चाक रेघेवरून ढळू द्यायचं नाही, दुसरा पाय टेकला की मार्क गेले. ह्याला फिगर म्हणतात. लोकांना वाटतं, ह्यात काय आहे. या म्हणावं, काढून दाखवा एक.

संकल्प: सुकन्या यंदा विभागात पहिली. पाय तयार आहेतच. मन मी तयार करणार.

२६ मार्च
सुकन्याची दहावी संपली. आता फुल प्रॅक्टिस.

ही पोरगी दहा वर्षांपूर्वी बागेतल्या ह्या रिंकवर आली तेव्हा कडेचा पाइप सोडत नव्हती. एक एक बोट मी सोडवलं. बाकीची पोरं उन्हाळ्यात येतात, गुडघे फोडून घेतात, शाळा सुरू झाली की गायब. जी टिकतात ती दहावी झाली की लातूरला जातात, नीटच्या क्लासला, आणि स्केट्स माळ्यावर. श्रीशैल गेला तसाच. आता डॉक्टर झालाय. रिंकवरून जाताना गाडीचा हॉर्न वाजवतो. थांबत नाही.

सुकन्या जाणार नाही. ती तसली नाही. पण तिचे पप्पा सिद्धरामअण्णा भांड्यांचे व्यापारी, त्यांना खेळातलं काही कळत नाही, ते लातूरचं काढणारच. त्यावर माझा प्लॅन असा: मे अखेरीस विभागीय स्पर्धा आहे, तीही लातूरलाच. तिथं पोरीनं गोल्ड मारलं की अण्णांचं तोंड बंद.

ती गेली तर काय, हा प्रश्न निगेटिव्ह आहे. कोर्समध्ये सांगितलंय, निगेटिव्ह प्रश्न लिहायचेच नाहीत. खोडला.

२ एप्रिल, सकाळी ८
बारकाईनं निरीक्षण केलं. सुकन्या वर्तुळ पूर्ण करते आणि लगेच माझ्याकडं बघते. मी मान डोलावली की दुसरं वर्तुळ घेते. दर वेळी. म्हणजे स्वतःवर विश्वास नाही. विचारलं, कशाची भीती वाटते? म्हणाली, काही नाही सर. हे तर क्लासिक लक्षण.

समर कॅम्पला अंजू नावाची एक नवीन पोरगी आलीय. दुसरीत आहे. सारखी पडते आणि सारखी हसते. सीरियस नाही.

५ एप्रिल
आज ट्रिगर शब्द. सुरू करण्याआधी मनात म्हणायचा, की अंग आपोआप तयार होतं. मी ‘चॅम्पियन’ सुचवला. सुकन्या म्हणाली, सर, मी ‘होऊ दे’ म्हणू का? असला लेचापेचा शब्द! पण पुस्तकी नियम आहे, शब्द खेळाडूनंच निवडायचा. होऊ दे तर होऊ दे.

श्वासाचं पण शिकवलं. डोळे मिट, सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, मग शब्द, मग डोळे उघड आणि थेट सुरू. मधे विचार आणायचा नाही. एकदाच दाखवलं, तिला जमलं. मला अजून खोकला येतो.

९ एप्रिल
सेल्फ-टॉक. तिला रिंकच्या मधोमध उभं केलं आणि म्हटलं, मोठ्यानं म्हण, मी नॅशनलला जाणार. म्हणाली. पाढे म्हटल्यासारखी. मग म्हटलं, आता म्हण, मला नॅशनलला जायचंच आहे. वाकून चाक फिरवून बघायला लागली. म्हणाली, सर, बेरिंग आवाज करून राहिलंय वाटतं.

सगळी चाकं उघडली. एकही बेरिंग खराब नव्हतं. तरी बदलून टाकली. बेरिंगची चेष्टा नको. माझं स्वतःचं राज्याचं मेडल बेरिंगमुळंच गेलं होतं.

१२ एप्रिल
प्रेशर ट्रेनिंग. अण्णांच्या दुकानातून स्टीलच्या थाळ्या मागून आणल्या, समर कॅम्पच्या पोरांना वाटल्या. सुकन्या वर्तुळावर आली की जोरात वाजवायच्या. स्पर्धेत फिगरच्या वेळी सगळे चिडीचूप असतात हे खरं आहे. पण शांततेचं पण प्रेशर असतंच, आणि घरी शांतता आणायची कुठून?

सुकन्या रेघ न सोडता पूर्ण वर्तुळ फिरली. हललीसुद्धा नाही. मी मात्र दचकलो, शिट्टी घशाशी गेली. बागेत फिरायला येणारे एक आजोबा धावत आले आणि विचारलं, करोना परत आला का. बागेच्या वॉचमननं थाळ्या जप्त केल्या. प्रयोग यशस्वी.

१८ एप्रिल
आज कोर्समधलं सगळ्यात पॉवरफुल टेक्निक दिलं. मी स्वतः ते केलेलं नाही, पण लेक्चर दोनदा ऐकलंय.

सुकन्याला म्हटलं, ज्या सीनची तुला जगात सगळ्यात जास्त भीती वाटते तो निवड. मला सांगायचा नाही. तो तुझा. रोज डोळे मिटून तो बघायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आपण कुठं उभे आहोत, समोर कोण आहे, हात कुठं आहेत, सगळं. पळून जायचं नाही, नजर खाली टाकायची नाही. बघत बघत एक दिवस भीती आपोआप निघून जाते. मग प्रत्यक्षात तो सीन आला तरी आपण तयार.

कधी नव्हे ते पोरीनं मन लावून ऐकलं. विचारलं, सर, खरंच जाते का भीती? म्हटलं, गॅरंटी.

अखेर माझं शिकवणं आत शिरून राहिलं.

२२ एप्रिल, दुपारी
थाळ्या वॉचमनकडून सोडवून अण्णांना परत द्यायला गेलो. म्हटलं, बोलून पण टाकू. दुकानात तासभर बोललो. मन म्हणजे काय, कॉन्फिडन्स म्हणजे काय, मुलींना खेळात का ठेवलं पाहिजे. अण्णा एक कळशी पुसत होते. कपाळावर विभूती, तोंडावर काही भाव नाही. चहा पाजला. सगळं ऐकून म्हणाले, सर, मी तर खेळाला हावच म्हणून राहिलो. तुमी तिलाच इचारा की. पोरीचं मन पोरीलाच ठावं.

पळवाट! बाप लोक असंच करतात. स्वतःच्या मनातलं पोरीच्या नावावर ढकलतात. मला खामखा बेजार करून राहिले.

आईला सांगितलं. ती म्हणाली, मग विचारलंस का तिला? म्हटलं, काय विचारू? तिला काय हवंय ते मला माहीत नाही का?

२८ एप्रिल
फ्लेक्स लावला. बागेच्या गेटवर. ‘मराठवाड्याची सुवर्णकन्या सुकन्या हिचे हार्दिक अभिनंदन’. शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, खाली ‘मेंटल कोच’. फोटो जरा मोठा झालाय, ते छापणाऱ्याचं काम. स्पर्धा व्हायची आहे हे मला पण कळतं. पण यश आधी डोळ्यांना दाखवावं लागतं.

सुकन्यानं बघितला. लाल झाली. म्हणाली, सर, काढा ना, प्लीज. विनम्र आहे पोरगी.

३ मे
फ्लेक्सवर कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. आता फक्त माझं तोंड आणि ‘हार्दिक’ एवढंच दिसतं.

६ मे, सकाळी
ऊन मरणाचं. सात वाजताच फरशी तापते, चाकं मऊ पडतात. प्रॅक्टिस पाचलाच.

पण आज जे बघितलं ते लिहिलंच पाहिजे. सुकन्या प्रॅक्टिस झाल्यावर घरी गेली नाही. पाइपाशी उभी राहून डोळे मिटले. बराच वेळ. ओठ हलून राहिले होते. मधेच एक हात उचलला, परत खाली घेतला. कपाळावर घाम. मी खांबामागून बघत होतो. इतकं डीप व्हिज्युअलायझेशन मी व्हिडिओतल्या परदेशी पोरींचं पण बघितलं नाही. लेक्चरमध्ये स्पष्ट सांगितलंय, खेळाडूचे ओठ हलू लागले म्हणजे टेक्निक मुरलं.

माझे डोळे भरून आले. घाम पण होता.

११ मे
सुकन्यानं विचारलं, सर, आपण आपलं नीट केलं, पण त्यामुळं समोरच्याला लई वाईट वाटलं तर? मी लगेच ओळखलं. लातूरची मृण्मयी. गेल्या वर्षीची पहिली, हिची दोस्त आहे. हिनं हरवलं तर तिला वाईट वाटेल म्हणून ही झुरून राहिली. काय मन आहे पोरीचं! पण चॅम्पियनला हे परवडत नाही. म्हटलं, समोरच्याचं समोरचा बघून घेईल. तू तुझी लाइन सोडू नकोस. दया दाखवलीस तर ते त्याला पण फसवणं आहे.

तिनं हे दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून.

१३ मे
दहावीचा निकाल. सुकन्याला भरपूर टक्के. धोक्याची घंटा. पेढा खाल्ला, पण गोड लागला नाही.

१७ मे
सुकन्याच्या आईचा, उमादेवी वहिनींचा फोन. म्हणाल्या, सर, सुकन्याला तुमच्याशी बोलायचंय, पण स्पर्धा झाल्यावर बोलते म्हणते. तुम्ही रागावू नका तिला. म्हटलं, रागावू कशाला?

फोन ठेवल्यावर ट्यूब पेटली. सत्कार! पोरगी कोचचा सत्कार करणार आणि आधी सांगायला लाजते. म्हणूनच रागावू नका. मी लगेच उलट फोन केला, म्हटलं, वहिनी, उन्हाळ्यात शाल तेवढी नको. वहिनींनी बरं म्हणून फोन ठेवून दिला. गुपित फुटलं म्हणून ओशाळल्या असतील.

१९ मे
खात्री झाली. दुकानावरून जाताना बघितलं, अण्णा मशीननं भांड्यांवर नाव टाकत बसले होते. ताट, वाटी, तांब्या, डबा. सगळ्यांवर ‘सुकन्या’. आपल्याकडं कार्यक्रमात नाव टाकून भांडी वाटतात तसंच. एकेकच नग होता, पण सुरुवात असेल. मला बघून अण्णा उठून उभे राहिले, मशीन बंद केलं. मीच डोळा मारला. म्हटलं, चालू द्या.

नवीन शर्ट शिवायला टाकला.

२४ मे, लातूर
अण्णांच्या गाडीतून लोहा-अहमदपूर मार्गे आलो. मी पुढं बसून रस्ताभर मोटिव्हेशन दिलं. चाकूर आलं तोवर मागं वहिनी झोपल्या होत्या, सुकन्या खिडकीतून बघत होती. वहिनींनी धपाटे आणि दही आणलं होतं. मी एक खाल्लं, दुसरं परत डब्यात ठेवलं. प्रवासात जड नको.

लातुरात शिरल्यावर सगळीकडं क्लासचे बोर्ड, पाठीवर बॅगा घेतलेली पोरं. मी सुकन्याला म्हटलं, बघू नकोस तिकडं. ती बघत होती. एका बोर्डापाशी अण्णांनी गाडी हळू केली आणि मागं वळून तिच्याकडं बघितलं. ती हसली. मी म्हटलं, अण्णा, ग्रीन आहे, चला.

उद्या फिगर सकाळी नऊला. मी एकदम कूल आहे.

२५ मे, लातूर, दुपारी १
आज काय झालं ते नीट लिहितो, म्हणजे गैरसमज नको.

सकाळी रिंकवर गेलो. फरशी चकचकीत, वर्तुळं नवी रंगवलेली. तीन जज, टेबलावर पांढरी चादर. अशीच चादर त्या वर्षी पण होती, मी राज्याला खेळलो तेव्हा. तेव्हा जज पुण्याचा होता, त्यानंच घात केला. ती चादर बघितली आणि मला काही झालं नाही. फक्त पाय जरा गार पडले, आणि श्वास येईना, म्हणून मोकळ्या हवेत पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो.

सुकन्याचा नंबर जवळ आला होता. ती मला शोधत आली. पायात स्केट्स, अंगात तो निळा ड्रेस. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. म्हणाली, सर, डोळे मिटा. सावकाश आत. त्याहून सावकाश बाहेर. अजून एकदा. आता म्हणा, होऊ दे. मी म्हणालो. माझा हात तिनं धरून ठेवला होता. तिचा हात कोरडा होता, माझा चिंब. मग स्पीकरवर तिचं नाव आलं. म्हणाली, सर, मी जाते, तुम्ही सावकाश या. आणि गेली.

हे मी मुद्दाम होऊ दिलं. खेळाडूला मदतीची भूमिका दिली की लीडरशिप वाढते.

मी उठलो होतो. पण पाय परत बसले. टाकीमागून काही दिसत नव्हतं. आधी पूर्ण शांतता. मग चाकाचा बारीक आवाज, एकसारखा, कुठं अडखळणं नाही. मग आवाज थांबला. मग टाळ्या. लई टाळ्या.

गोल्ड!!!

मृण्मयी दुसरी आली. अजिबात वाईट वाटलेलं दिसलं नाही तिला, दोघी गळ्यात गळे घालून आइस्क्रीम खाऊन राहिल्या.

२५ मे, संध्याकाळी
अण्णांनी पूर्ण परफॉर्मन्स शूट केला होता. मोबाइल मागितला. कॅमेरा उलटा लागला होता. पूर्ण व्हिडिओत अण्णांचं कपाळ, विभूती, आणि डोळ्यांतून गळणारं पाणी. मागून चाकाचा आवाज. अण्णा लई शरमिंदे झाले. म्हटलं, काही हरकत नाही, राज्याला मी स्वतः शूट करतो.

सुकन्यानं विचारलं, सर, तुम्ही बघितलं नाही ना? म्हटलं, बघितलं की. टाकीमागून सगळं दिसतं. तिनं मेडल माझ्या गळ्यात घातलं. मी परत तिच्या गळ्यात घातलं. शेवटी गाडीच्या आरशाला लटकवलं.

२६ मे
आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, चांगलं झालं रे, पोरीनं तुझं मन राखलं. शब्दांची निवड चुकते आईची. मन नाही, नाव राखलं.

राज्याचा प्लॅन तयार केला. मग नॅशनल. सत्कारासाठी दोन शब्द लिहून पाठ करून राहिलो. आरशासमोर मधेच विसरतो, पण प्रत्यक्षात नाही विसरणार.

२९ मे, सकाळी १०
पहाटेच रिंकवर गेलो होतो. नवीन शर्ट. वॉचमनकडून तीन खुर्च्या मागून मांडल्या, अण्णा-वहिनींना लागतील म्हणून. सुकन्या एकटीच आली. पायात चपला. हातात एक पिशवी.

म्हणाली, सर, बसा ना. मी पाइपावर बसलो. ती समोर उभी राहिली, वर्तुळाच्या सुरुवातीच्या खुणेवर. दोन्ही पाय जुळवले. डोळे मिटले. श्वास सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. ओठांतल्या ओठांत होऊ दे म्हणाली. डोळे उघडले आणि थेट सुरू केलं.

म्हणाली, सर, मला स्केटिंग सोडायचंय. लातूरच्या क्लासला मीच नाव घातलंय. पप्पा नको म्हणत होते, सरांना काय वाटेल म्हणून. मीच त्यांना तयार केलं. मला आता हे आवडत नाही. कधीपासून ते मला पण सांगता येत नाही. मी रेघेवरून फिरते, वर्तुळ संपतं, तुमच्याकडं बघते, तुम्ही खुश दिसता, म्हणून अजून एक घेते. इतकंच राहिलंय. मला पडायची भीती कधीच वाटली नाही. तुम्ही म्हणालात ना, सगळ्यात जास्त भीती वाटते तो सीन निवड आणि रोज बघ. मी हाच निवडला होता. तुम्ही इथं पाइपावर बसलात आणि मी तुम्हाला हे सांगून राहिले. रोज बघत होते. रोज तुम्ही उठून जात होता. मग मी परत पहिल्यापासून बघायची.

मी उठून गेलो नाही. हे नोंदवून ठेवतो.

सुरुवात स्वच्छ. उभं राहणं उत्तम. नजर एकदाही खाली नाही. ‘तुम्ही खुश दिसता’ इथं आवाज जरा हलला, पण लाइन सोडली नाही. शेवटपर्यंत नेलं. मी जज असतो तर पूर्ण मार्क दिले असते. असं कुणीच करू शकत नाही. मला स्वतःला कधी जमलं नाही.

मला लई बोलायचं होतं. दहा वर्षांचं बोलायचं होतं. पाठ केलेले दोन शब्द पण होते. तोंडातून निघालं, खांदे सैल ठेव. तिनं खांदे सैल सोडले, आणि मग रडली. पहिल्यांदा पाइप सोडला तेव्हा रडली होती तशी, तोंड उघडून. मी खिसा चाचपला. शर्टाला खिसा आहे पण रुमाल ठेवायचा राहिला होता.

पिशवीतून तांब्या काढून दिला. अण्णांनी नाव टाकलंय, ‘आलोक सर’, खाली २५ मे. म्हणाली, तुम्ही नळाला तोंड लावून पिता, बरं दिसत नाही. मग म्हणाली, सर, लातूरला तुम्ही बघितलं नव्हतं ना, मला माहीत आहे. स्केट्स पण आणल्यात. एकदा करून दाखवू? फक्त तुमच्यासाठी.

मी म्हणालो, नको, ऊन झालंय, चाकं खराब होतील. पुढच्या वेळी.

ती म्हणाली, हाव सर. आणि पाया पडून गेली.

कामून म्हणालो मी तसं? ऊन कुठं झालं होतं. सहा पण वाजले नव्हते. एकदा हो म्हणायला काय झालं होतं मला! लई वाईट वाटून राहिलं. छाती भरून येते आणि रिकामी होत नाही.

खुर्च्या परत नेऊन दिल्या.

३० मे
प्रॅक्टिस नाही. अंगात ताप असावा. त्या वर्षी राज्याच्या वेळी पण असाच ताप होता.

आईनं कपाळाला हात लावला, म्हणाली, ताप नाही. आणि हात तसाच ठेवून बसली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१ जून
सुकन्या आज लातूरला गेली. अण्णांची गाडी रिंकवरून गेली. हॉर्न वाजला. मग गाडी थांबली. काच खाली झाली आणि तिनं हात केला. मी गेटपर्यंत पळत गेलो, तर मागून एसटी आली आणि अण्णांना गाडी काढावी लागली. आरशाला मेडल लटकत होतं.

भाऊंचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटला. खालचा सगळा परत दिसून राहिला. मराठवाड्याची सुवर्णकन्या. भेळवाला विचारत होता, सर, हा गाड्यावर उन्हाला बांधू का? म्हटलं, हात लावू नकोस.

२ जून, सकाळी
समर कॅम्पचा शेवटचा दिवस. मी आलो, पाइपावर बसलो. म्हटलं, जे डोळ्यांनी बघायचं राहिलं ते मनानं बघू. एवढं सर्टिफिकेट आहे आपल्याकडं. डोळे मिटले. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. होऊ दे म्हणालो.

लातूरचं रिंक दिसलं. वर्तुळ दिसलं, नवीन रंगाचं. तीन जज, पांढरी चादर. चाकाचा तो बारीक आवाज पण आला. फक्त वर्तुळावर कुणी नव्हतं. परत पहिल्यापासून घेतलं. परत आवाज आला, निळा ड्रेस काही येईना. किती वेळा घेतलं माहीत नाही.

अंजूनं गुडघा हलवला. विचारून राहिली, सर, झोपलात का?

म्हटलं, नाही गं. प्रॅक्टिस चालू आहे.